अधिकृत अंक आणि अधिक मास

मालिका संपली की आपल्याकडे शेवटच्या भागात सगळी पात्रं एका दिवाणखान्यात जमतात, खलनायिकेला उपरती होते, कुणाचं तरी बारसं उरकतं आणि सोमवारपासून त्याच वेळेला दुसरीच मालिका सुरू होते. पंधरा दिवसांनी नायिकेच्या सासरचं आडनाव विचारलं तर सांगता येत नाही. मला हे फार निकोप वाटतं. संपलेल्या मालिकेचं सुतक आपण पाळत नाही.

इंग्रज पाळतात. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या जुन्या पर्वाचा शेवटचा भाग 6 डिसेंबर 1989 ला दाखवला गेला. मालिका बंद केली असं कुणी स्पष्ट सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही, एवढंच. ती परतली 26 मार्च 2005 ला. मध्ये 1996 साली एक दूरचित्रपट येऊन गेला, तो सोडला तर सव्वापंधरा वर्षं नवीन काही नाही. आणि या सबंध काळात त्या मालिकेचं अधिकृत मासिक निघत होतं. बंद करायचं राहून गेलं म्हणून नव्हे. संपादक होते, रंगीत मुखपृष्ठं होती, वाचकांची पत्रं होती आणि वर्गणीदार होते. त्यांतले एक वर्गणीदार आमच्या डोक्यावर राहतात.

डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. बेंगळुरूच्या बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये खालच्या घरात आम्ही आणि वरच्या मजल्यावर आमचे साडू. दोघी बहिणींनी खालीवर राहायचं हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलं असावं; आम्हाला यथावकाश कळवण्यात आलं. जागा बनशंकरीतच का, तर मेहुणीच्या सासरचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. एजंटाने भागाचं नाव उच्चारताच तिने डोळे मिटून हात जोडले. एजंटाने ते पाहिलं आणि भाडं तिथल्या तिथे वाढवलं.

साडूभाऊ मूळचे सोलापूरचे, इंजिनिअर, आता निवृत्त. ऐंशीच्या दशकात कंपनीने त्यांना वर्षभर इंग्लंडला धाडलं होतं. त्या काळी तिकडून येणारी माणसं कॅमेरा, सेंट, न चुरगळणाऱ्या साड्या असलं काही आणत. साडूभाऊंच्या बॅगेतून निघाली मासिकं. मेहुणी अजून सांगते, "भाऊजी, मला वाटलं साडी मासिकांच्या खाली असेल. शेवटचा अंक काढला तर खाली बॅगेचं अस्तर."

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. परग्रहावरचा एक गृहस्थ जुन्या ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळात मागेपुढे हिंडतो. खोकं बाहेरून कपाटाएवढं, आतून वाड्याएवढं. गृहस्थाचं नाव कुणाला माहीत नाही, सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 चा. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल यांना 1966 मध्ये प्रकृती साथ देईना. मालिका आवरती घेण्याऐवजी लेखकमंडळींनी शोध लावला, की हा प्राणी मरणाच्या दारी पोचला की त्याचं शरीर बदलतं, माणूस तोच. हार्टनेल आडवे झाले, पॅट्रिक ट्राउटन उठून बसले. तेव्हापासून हाच रिवाज आहे.

आपल्याकडे हे काम कुठलाही मराठी निर्माता शनिवार-रविवारच्या सुट्टीत करतो. शुक्रवारी एक नवरा ऑफिसला जातो, सोमवारी दुसराच घरी येतो. बायको त्याच्या हातातली बॅग घेते, सासू "दमलास का रे?" विचारते आणि प्रेक्षक घटकाभर चुळबुळ करून सावरतात. इंग्रजांना त्यासाठी परग्रहावरचं जीवशास्त्र लागलं.

मासिक सुरू झालं ऑक्टोबर 1979 मध्ये, आणि तेव्हा ते मासिक नव्हतंच. 'डॉक्टर हू वीकली', किंमत 12 पेन्स, प्रकाशक मार्व्हलची ब्रिटिश शाखा, संपादक डेझ स्किन, पहिल्या अंकासोबत घासून उमटवायची चित्रं फुकट. मुहूर्तही असा गाठला, की नेमका त्याच सुमारास तिथल्या खासगी वाहिनीवर संप चालू होता. बटण फिरवायला दुसरी जागाच नसल्यामुळे मालिकेच्या एका भागाला 1 कोटी 60 लाख प्रेक्षक लाभले. एकट्या दूरदर्शनचा काळ ज्यांनी काढला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. घरात तुळशीपलीकडे शेती नसताना आपण 'आमची माती, आमची माणसं' मध्ये कपाशीवरच्या किडीचं निवारण शेवटपर्यंत पाहत होतो.

वर्षभरात साप्ताहिकाचं मासिक झालं. 1995 पासून ते 'पानिनी' नावाच्या इटालियन कंपनीकडे आहे. आमच्या सासूबाई मिरजेहून आल्या असताना त्यांनी अंकावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तेव्हापासून त्या अंकाला पाय लागू देत नाहीत. व्याकरणाचं काहीतरी आहे, अशी त्यांची समजूत आहे आणि ती दूर करण्यात साडूभाऊंचा काहीच फायदा नाही. 2010 साली गिनेसवाल्यांनी टीव्ही मालिकेवरचं सर्वांत दीर्घकाळ चाललेलं मासिक म्हणून त्याची नोंद केली. 2016 मध्ये पाचशेवा अंक निघाला, 2024 मध्ये सहाशेवा.

आता हे 'अधिकृत' प्रकरण. अधिकृत होणं स्वस्त नसतं. अमेरिकेत 1976 साली दोन प्रकाशकांनी 'स्टार ट्रेक' वर एकच एक विशेषांक काढायचं ठरवलं. हक्कांचा आणि परवान्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचे डोळे पांढरे झाले. मग त्यांनी अंकात इतरही विज्ञानपटांचा मजकूर घातला, नाव ठेवलं 'स्टारलॉग' आणि ते मासिक पुढे तीन दशकं चाललं. परवाना परवडला असता तर एका अंकात आटोपलं असतं.

परवाना घेतला की भाषा बदलते. कुठल्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जी भाषा असते तीच. दिग्दर्शक नेहमी उत्साहाने सळसळत असतो. नटीला पहिल्याच दिवशी सेटवर घरच्यासारखं वाटतं. चित्रीकरण भर पावसात, चिखलात, उघड्या खाणीत झालं तरी वातावरण खेळीमेळीचं असतं. येणारं पर्व हे आजवरचं सर्वांत धाडसी पर्व असतं, आणि गेलं पर्वही तसंच होतं. कोणी नोकरी सोडली तर ते 'नव्या वाटा धुंडाळायला' जातात. मुलाखत देणाऱ्या एकाही माणसाचं दुसऱ्या एकाही माणसाशी कधीही वाजलेलं नसतं. माझ्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेत पाण्याच्या टाकीवरून अध्यक्ष आणि चिटणीस एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. त्या वर्षीच्या अहवालात 'पाणीप्रश्नावर सविस्तर विचारविनिमय झाला' असं वाक्य आहे. तो अहवाल लिहिणारा माणूस लंडनला सहज खपला असता.

मी हे साडूभाऊंना ऐकवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. खुर्ची लावली, माळ्यावरून एक गठ्ठा ओढला, डांबराच्या गोळ्या झटकल्या आणि 2009 सालचा 413 क्रमांकाचा अंक माझ्यापुढे ठेवला. मालिकेच्या तोवर झालेल्या दोनशे कथांना वाचकांनी दिलेला क्रम त्यात छापला आहे. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी'. दोनशेवी, म्हणजे शेवटून पहिली, 'द ट्विन डिलेमा'. गंमत अशी, की या दोन्ही कथा मार्च 1984 मध्ये लागोपाठ दाखवल्या गेल्या होत्या. सर्वोत्तम संपली आणि पुढच्याच आठवड्यात निकृष्टतम सुरू झाली. 2014 साली पुन्हा कौल घेतला, तेव्हा यादी आणखी लांबली होती, वर बरीच उलथापालथ झाली, पण तळाचं स्थान 'ट्विन डिलेमा' ने सोडलं नाही.

हे मालकाच्या परवान्यावर निघणाऱ्या अंकात! मी त्या गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत 'आजवरच्या पंचवीस कार्यक्रमांची सभासदांनी लावलेली क्रमवारी' छापून आल्याची कल्पना करून पाहिली. पंचविसावं: अध्यक्षांचं स्वागतपर भाषण. छापखान्यापर्यंत ते पान पोचलं नसतं.

गठ्ठा एकदा खाली आला की तो तासाभराने वर जातो. त्या तासात मला अँड्र्यू पिक्सली हे नाव कळलं. या गृहस्थांनी मासिकात वर्षानुवर्षं एकेका कथेची कुळकथा लिहिली आहे: संहिता कोणत्या तारखेला मागवली, किती वेळा फिरवली, कोणत्या स्टुडिओत कोणत्या दिवशी काय चित्रित झालं, कोणतं दृश्य कापलं. आमच्या आजोळच्या जमिनीचा सातबारा मी पाहिलेला आहे. त्यात विहीर दाखवली आहे, ती जागेवर नाही; आंब्याचं झाड जागेवर आहे, ते कागदावर नाही. आणि इथे अस्तित्वात नसलेल्या ग्रहावरच्या अस्तित्वात नसलेल्या लढाईची फेरफार नोंद दिवसागणिक चोख. पिक्सली तलाठी असते तर महाराष्ट्रातली निम्मी दिवाणी न्यायालयं बंद पडली असती.

मालिका बंद असतानाचे अंक मला जास्त आवडले. कारण तिथे संपादकाची खरी परीक्षा आहे. दर चार आठवड्यांनी अंक काढायचा आणि लिहायचं कशावर, तर जे चालू नाही त्यावर. बातम्यांच्या पानाचं नाव 'गॅलिफ्रे गार्डियन'. गॅलिफ्रे हा डॉक्टरचा ग्रह. मालिका परत येणार अशी वदंता, मग त्या वदंतेचा इन्कार, मग इन्कार करणारा माणूसच आता त्या पदावर नाही ही आशादायक बातमी. चित्रकथा मात्र अखंड चालू होती, त्यात डॉक्टर बिनपगारी राबत होता. 1991 पासून नव्या कादंबऱ्या येऊ लागल्या, त्यांची परीक्षणं. 1999 पासून ध्वनिनाट्यं, त्यांची परीक्षणं. त्याच साली अंकाने चार तरुण चाहत्यांना बसवलं आणि 1963 च्या पहिल्या भागापासून सगळी मालिका ओळीने बघून शेरे द्यायला सांगितलं. नवीन येत नाही ना, मग जुनं पहिल्यापासून. पारायणच ते. सासूबाईंचा गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांत आटोपतो, यांचा चालू होता तेवढ्यात मालिका परत आली.

ती परत आणणारे रसेल टी. डेव्हिस लहानपणापासून या मालिकेचे भक्त. त्यांच्यानंतर गादीवर आले ते स्टीव्हन मॉफट, तेही भक्तच. पीटर कपाल्डी यांनी तर शाळकरी वयात मालिकेचं कौतुक करणारं पत्र लिहिलं होतं, ते 1974 साली 'रेडिओ टाइम्स' मध्ये छापून आलं, आणि चाळीस वर्षांनी ते स्वतः डॉक्टर झाले. आपल्याकडे 'वाचकांचा पत्रव्यवहार' मध्ये नियमित लिहिणारी माणसं नगरपालिकेच्या दिव्याबद्दल लिहितात आणि चाळीस वर्षांनीही दिव्याबद्दलच लिहीत असतात. साडूभाऊंच्या मते दोष पत्रलेखकांचा नाही, दिव्यांचा आहे.

आता जरा गंभीर प्रकार. साठ-सत्तरच्या दशकात बीबीसीने जुने कार्यक्रम पुसून टाकले. टेप महाग, ठेवायला जागा नाही, पुन्हा कोण बघणार आहे! 'डॉक्टर हू' च्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदच्या वर भाग अशा तऱ्हेने नाहीसे झाले. मासिकाने 1981 च्या हिवाळी विशेषांकात गहाळ भागांचा हिशेब छापला. मग जगभर शोध. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती होत्या, कुणाच्या तळघरात डबे होते. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहराच्या टीव्ही केंद्रात फिल्मचे डबे सापडले आणि त्यातून नऊ हरवलेले भाग हाती लागले. बापाने रद्दीत घातलेलं पोरांनी नायजेरियापर्यंत जाऊन परत आणलं. इथे साडूभाऊंचा आवाज जरा जड होतो. मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणते, "यांना सांगा, गॅसचं पासबुकही असंच शोधा."

आपलं काय, हा प्रश्न मी विचारणारच होतो. आपल्याकडे अंतराळ काही कमी नव्हतं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' मधले कर्क आणि स्पॉक येऊन गेले. 'स्पेस सिटी सिग्मा' होती. तिच्यातला झखाकू नावाचा खलनायक आमच्या पिढीच्या स्वप्नात यायचा. 1989 ची 'इंद्रधनुष' होती, मुलं संगणक जुळवतात आणि काळाची भानगड सुरू होते, त्यात करण जोहर नावाचा गुटगुटीत मुलगा काम करत होता. 1998 साली केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. फरारी झालेल्या बारा अट्टल गुन्हेगारांना अंतराळात पकडत हिंडणारा हा कॅप्टन म्हणजे आपला मिलिंद सोमण. मराठी माणूस अंतराळात पोचला. 'शक्तिमान' 1997 ते 2005 चालला. त्यातला गंगाधर तर 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात नोकरीला. घरचा छापखाना असून अधिकृत मासिक नाही! डायमंडची कॉमिक्स निघाली, पारलेजीच्या पुड्यावर तो आला. पण शक्तिमानच्या त्या गिरकीसाठी कॅमेरा कुठे ठेवला होता, पोशाख कुणी शिवला, पहिल्या दिवशी तो कुठे उसवला, हे पिक्सलीच्या तपशिलाने लिहून ठेवणारा कुणी निघाला नाही.

सरकारी पैशाने असं मासिक निघालं असतं तर कसं निघालं असतं, याचा आराखडा साडूभाऊंनी आणि मी एका रविवारी बीडीए कॉम्प्लेक्सजवळच्या दर्शिनीत उभ्या उभ्या, बाय-टू कॉफीवर तयार केला. 'सिग्मा वार्ता', द्विभाषिक. पान 1 ते 4, मंत्रिमहोदय, सचिव, महासंचालक आणि केंद्र संचालक यांचे शुभसंदेश, मजकूर एकच. पान 5, यानाच्या थर्माकोलची निविदा. पान 6, झखाकूची मुलाखत, तीत त्याने वृक्षारोपणाचं महत्त्व सांगितलं आहे. पान 7, तांत्रिक कारणामुळे कोरं, मध्ये 'रुकावट के लिए खेद है'. पान 8, मागच्या अंकाची शुद्धिपत्रिका. अंक मार्चअखेर एकदम बारा.

मराठी माणसाच्या हातात दिलं असतं तर मात्र सरळ दिवाळी अंक झाला असता. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' चा दिवाळी अंक काढला त्या दिवसापासून आपल्याला जगातली कुठलीही गोष्ट दिवाळी अंकातच नीट बसते असं वाटतं. अलीकडे तर झी मराठीनेही दिवाळी अंक काढलेला आहे. 'कॅप्टन व्योम, दीपावली विशेषांक' माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ उभा राहिला. मुखपृष्ठावर हेल्मेट काखेत धरून पणती लावणारा मिलिंद सोमण. परिसंवाद: 'अंतराळात मराठीचे भवितव्य', सहभाग सहा, पैकी चौघांची भूमिका निराशेची. प्रवासवर्णन: 'चला, युरोपाला!', हा गुरूचा उपग्रह, पण लेखकाने अर्ध्यापर्यंत स्वित्झर्लंडबद्दलच लिहिलं आहे. पाककृती: वजनरहित अवस्थेतील भाजणीची चकली. कविता सतरा. आणि वार्षिक राशिभविष्य, विशेष टीप: जे वाचक गुरूवरच राहतात त्यांना यंदा गुरुबळ आहे किंवा कसं, हे ज्योतिषाचार्य पुढील अंकी सांगतील.

टिंगल पुरे. मराठीत विज्ञानकथा चोरपावलांनी शिरली हे मात्र खरं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखक नारायण विनायक जगताप. या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला की जयंत विष्णू नारळीकर निघतात. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून ही युक्ती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली पत्नीने, मंगलाताईंनी. देशातला सर्वांत अधिकृत खगोलशास्त्रज्ञ अनधिकृत नावाने स्पर्धेत उतरतो, याला म्हणायचं हौस. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर त्यांची 'ब्रह्मांड' ही मालिका आली. त्याच सुमारास 'टर्निंग पॉइंट' हा विज्ञानाचा कार्यक्रम गिरीश कार्नाड सादर करत. माथेरानला जन्मलेले, घरच्यासारखं मराठी बोलणारे कार्नाड शेवटी राहायला होते जे. पी. नगरात, म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीत. साडूभाऊ त्या बाजूने जाताना अजून स्कूटरचा वेग कमी करतात.

राहिली गोष्ट बेंगळुरूची. ज्या 1979 च्या ऑक्टोबरात लंडनला 12 पेन्सात खोटं अंतराळ विकायला आलं, त्याच साली 10 ऑगस्टला इथल्याच इस्रोचं पहिलं एसएलव्ही-3 रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे बसले आणि जबाबदारी आपल्याकडे घेतली. पुढच्या वर्षी 18 जुलैला तसंच दुसरं रॉकेट 'रोहिणी' ला घेऊन कक्षेत पोचलं, तेव्हा धवनांनी प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे केलं. इस्रोचीही अधिकृत पत्रिका आहे, 'स्पेस इंडिया'. साडूभाऊंकडे तिचेही काही अंक आहेत. मी दोन्ही शेजारी ठेवून चाळले. खऱ्या रॉकेटच्या अंकात टप्पे, टनांचे आकडे, अँटेना आणि पाहुण्यांचे फोटो. 'आजवरचं सर्वांत धाडसी' असलं काही नाही. बंगालच्या उपसागरात जाऊन पडणं काय असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची विशेषणं बेताची असतात. धाडस सगळं पुठ्ठ्याच्या यानात.

कालप्रवासाच्या बाबतीत मात्र आमचा भाग लंडनच्या पुढे आहे. कनकपुरा रोडवरचं बनशंकरी अम्माचं देऊळ राहुकाळातल्या पूजेसाठी प्रसिद्ध आहे. सगळं जग राहुकाळात हात आखडून बसतं तेव्हा इथे मंगळवारी तीन ते साडेचार लिंबाच्या सालीचे दिवे लावायला रांग असते. निळं खोकं कधी पृथ्वीवर उतरलंच तर मंगळवारी सव्वातीनला इथेच उतरेल, असं साडूभाऊंचं शास्त्रीय मत आहे. उतरलं तर पार्किंग मिळणार नाही, असं माझं.

मध्यंतरी माळ्याला ओल आली आणि प्रकरण हातघाईवर आलं. "हळे पेपर, खाली सीसे" अशी आरोळी रस्त्यावरून जात होती आणि मेहुणीने गॅलरीतून त्याला वर बोलावलं. त्याने एक अंक बोटांत धरून चोळला. "ग्लेज पेपर," तो म्हणाला, "रेट कम्मी, सार." वर्तमानपत्राला बरा भाव, याला निम्मा. साडूभाऊंचा चेहरा उजळला. चकचकीत कागदामुळेच संग्रह वाचतो आहे हे त्यांना प्रथमच उमगलं. तरी मेहुणी तराजूपाशी उभीच होती. तिने वर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठाही बाहेर काढला होता आणि बोटांवर मोजत होती.

"वर्षाला बारा महिने," ती म्हणाली, "यांचे अंक तेरा येतात. एका अंकाचे पैसे जास्तीचे जातात ते कुठे?"

साडूभाऊंनी बावन्न आठवडे भागिले चार हा हिशेब समजावायला सुरुवात केली. तो अर्ध्यावर असताना आतून सासूबाई आल्या. त्या आदल्याच दिवशी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आल्या होत्या. त्यांनी पाणिनींचा तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत पाहिला, आधी तो उचलून टेबलावर ठेवला आणि मग विचारलं, "वर्षात तेरा? दरवर्षी?"

"दरवर्षी," साडूभाऊ म्हणाले.

"मग तेरावा म्हणजे अधिकच की गं," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "आपला तीन वर्षांनी येतो, त्यांच्याकडे दरवर्षी येत असेल. अधिकातलं कुणी रद्दीत घालतं का?"

यावर मेहुणीकडे उत्तर नव्हतं. रद्दीवाला दोन बाटल्या घेऊन गेला. अंक पुसून, नव्या डांबरगोळ्या घालून परत माळ्यावर गेले. अधिक मासात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, ही गोष्ट साडूभाऊंनी त्या दिवशी रात्री जेवताना, कुणाकडेही न बघता, सहज बोलल्यासारखी काढली. सासूबाईंनी मान डोलावली. डिसेंबरात तेरावा अंक आला त्याच आठवड्यात मिरजेहून डबा आला. सासूबाईंना जावई दोन असल्यामुळे डबेही दोन होते. खालच्या मजल्यावरचा डबा मी स्वतः उघडला, अनारसे तेहेतीस भरले, आणि मासिकाच्या पुढच्या वर्षाच्या वर्गणीत निम्मा वाटा उचलायची मी साडूभाऊंना लेखी हमी दिली आहे.